प्रतिक्रिया काल मोजण्याची बटणपेटी: जोडणी, प्रोग्राम आणि पडताळणी

पडद्यावर ठिपका दिसला की बटण दाबायचे, एवढ्या साध्या कामाला निरोगी तरुण माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. मानसशास्त्राच्या प्रयोगांत ज्या फरकांवर निष्कर्ष उभे राहतात ते याहून खूप लहान असतात. उद्दीपक (ज्याला प्रतिसाद द्यायचा तो ठिपका किंवा चित्र) डावीकडे आणि योग्य बटण उजवीकडे असले, तर होणारा उशीर बहुधा २०-३० मिलिसेकंदांचा असतो. घरगुती कीबोर्ड, त्याची यूएसबी जोडणी आणि पडदा मिळून तेवढाच उशीर सहज घालतात. म्हणून प्रयोग सुरू करण्याआधी आपण माणूस मोजतो आहोत की यंत्र, याची खात्री करून घ्यावी लागते.

या लेखात दोन बटणांची पेटी आणि पडद्यावर चिकटवायचा प्रकाशसंवेदक एकाच मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एकच प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपला, जोडायची पद्धत दिली आहे. उद्दीपक दिसल्याची वेळ आणि बटण दाबल्याची वेळ एकाच घड्याळावर नोंदवायची, हे तिचे सूत्र. दोन्ही नोंदी पेटीतच झाल्या, की यूएसबीने निरोप केव्हा पोचवला याने काही बिघडत नाही.

पेटी खरोखर लागते का?

आधी थोडे गणित करू. साधा कीबोर्ड संगणकाकडून दर ८ मिलिसेकंदांनी विचारला जातो, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा. कळ या ८ मिलिसेकंदांत कधीही दाबली जाऊ शकते, त्यामुळे प्रत्येक नोंदीत शून्य ते आठ मिलिसेकंदांचा उशीर मिसळतो. सरासरी उशीर ४ आणि त्याचे प्रमाण विचलन ८ भागिले १२ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.३. सहभागी व्यक्तीच्या स्वतःच्या प्रतिसादांचे विचलन ५० मिलिसेकंद धरा. दोन्ही एकत्र आले की विचलन ५०.०५ होते, ५२.३ नाही, कारण विचलनांची थेट बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. एकाच माणसाला, एकाच कीबोर्डवर, दोन परिस्थितींत तपासायचे असेल, तर या डळमळीने निष्कर्ष बिघडत नाही. त्यासाठी फेऱ्या (एकेक उद्दीपक आणि त्याचा प्रतिसाद) पुरेशा ठेवा आणि पेटीवरचा खर्च वाचवा.

स्थिर उशीर असाच वजाबाकीत निघून जातो. १८६८ साली डच शरीरशास्त्रज्ञ फ्रान्सिस्कस डॉन्डर्स यांनी साध्या आणि निवडीच्या प्रतिक्रियांचे काल एकमेकांतून वजा करून मनाच्या एकेका टप्प्याला लागणारा वेळ काढला. त्या वजाबाकीची अट आजही तीच आहे. दोन्ही बाजूंचा उपकरणातला उशीर सारखा हवा.

ही अट जिथे मोडते तिथे पेटी हवी. एका गटाची चाचणी एका संगणकावर आणि दुसऱ्याची दुसऱ्यावर होत असेल, आकडे दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्यांशी ताडायचे असतील, तर पेटी लागते. डाव्या-उजव्या हातांची तुलना असेल, किंवा सहभागीच्या वेळांमधली चढउतारच मोजायची असेल, तरीही लागते. ठोक्याबरोबर बोट आपटण्याचे प्रयोग आणि मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद, या दोन ठिकाणी तर कीबोर्डवर विसंबूच नका.

उशीर कुठे लपतो

प्रोग्राम चित्र काढण्याचा आदेश देतो तेव्हा पडदा लगेच बदलत नाही. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चौकट, म्हणजे पडद्यावरचे एक पूर्ण चित्र, १६.७ मिलिसेकंदांची असते आणि चित्राला पुढच्या चौकटीची वाट पाहावी लागते. चौकटही एका क्षणात उमटत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत ती जवळजवळ पूर्ण १६ मिलिसेकंद उतरत जाते. पडद्याच्या मध्यावरचे चित्र वरच्या कडेपेक्षा सुमारे ८ मिलिसेकंद उशिरा दिसते. त्यावर मॉनिटरच्या आतली चित्रप्रक्रिया आणि स्फटिकांना उजळायला लागणारा वेळ आहेच.

दुसऱ्या टोकाला बोट. कळीचा प्रवास २ मिलिमीटर असेल आणि बोट सेकंदाला १०० मिलिमीटर वेगाने खाली येत असेल, तर एकट्या प्रवासात २० मिलिसेकंद जातात. त्यानंतर कीबोर्डचा आतला प्रोसेसर कळींच्या ओळी पाळीपाळीने तपासतो, संपर्काची थरथर शमण्याची वाट पाहतो, मग यूएसबीची पाळी येते, मग ऑपरेटिंग सिस्टिम, आणि शेवटी तुमचा प्रोग्राम. प्रोग्राम कळ फक्त चौकटीमागे एकदाच वाचत असेल आणि वेळही तेव्हाच घेत असेल, तर सगळ्या नोंदी १६.७ च्या पायऱ्यांवर बसतात. नोंदींचा आलेख काढल्यावर दात असलेल्या फणीसारखी रचना दिसली, तर दोष इथेच आहे.

सामान

मायक्रोकंट्रोलर बोर्ड म्हणून आर्डुइनो उनो (आर ३ आवृत्ती) पुरतो. त्यातली चिप एटीमेगा ३२८पी, वेग १६ मेगाहर्ट्झ, आणि मायक्रोसेकंद मोजणाऱ्या घड्याळाची पायरी ४ मायक्रोसेकंदांची. यापेक्षा वेगवान बोर्ड चालेल. मात्र ३.३ व्होल्टचा बोर्ड असेल तर खालच्या जोडणीतले ५ व्होल्ट त्याच्या पिनेवर जाऊ देऊ नका.

बटणांच्या बाबतीत घाई नको. दोन्ही एकाच बनावटीची, एकाच वेळी घेतलेली आणि सारखीच वापरलेली हवीत. एक नवे आणि एक झिजलेले असले, तर ‘डावा हात मंद’ असा खोटा निष्कर्ष निघू शकतो. यांत्रिक कीबोर्डमधले सरळ चालीचे स्विच चांगले पडतात. उदाहरणार्थ, चेरी एमएक्स रेडला ४५ सेंटीन्यूटन जोर लागतो, २ मिलिमीटरवर संपर्क होतो आणि एकूण प्रवास ४ मिलिमीटरचा असतो. ‘टिक’ असा आवाज करणारे स्विच टाळा. तो आवाज सहभागीला आपल्याच प्रतिसादाची खबर देतो आणि श्रवणाच्या प्रयोगात ढवळाढवळ करतो. मोठी आर्केड बटणे मजबूत असतात, लहान मुलांसाठी सोयीचीही, पण त्यांचा प्रवास जास्त असतो.

प्रकाशासाठी बीपीडब्ल्यू ३४ हा फोटोडायोड, एलएम ३९३ कंपॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारी चिप), ४७ किलोओहम आणि १ मेगाओहमचा एकेक रेझिस्टर, १० किलोओहमचा एक रेझिस्टर आणि १० किलोओहमचा एक पोटेन्शिओमीटर घ्या. एलडीआर, म्हणजे वर नागमोडी रेघ दिसणारा प्रकाशरोधक, अजिबात वापरू नका. त्याला प्रकाश बदलल्याचे कळायलाच कित्येक मिलिसेकंद लागतात आणि तो वेळ प्रकाशाच्या तीव्रतेप्रमाणे बदलतोही. तयार ‘लाइट सेन्सर’ पट्ट्यांवर बऱ्याचदा हाच असतो, तेव्हा नीट पाहून घ्या.

याखेरीज प्रत्येक बटणासाठी १०० ओहमचा आणि ४.७ किलोओहमचा एकेक रेझिस्टर, १०० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर, जाळीचे आवरण असलेली केबल, काळी चिकटपट्टी आणि जड तळाची पेटी. पडताळणीसाठी दुसरा एक बोर्ड, ४७० ओहमचा एक रेझिस्टर आणि पीसी ८१७ हा ऑप्टोकपलर (आतल्या दिव्याच्या उजेडाने दुसऱ्या बाजूचा स्विच चालवणारा भाग) लागेल. तो वगळण्याचा मोह होईल, पण वगळू नका.

जोडणी

बटणाचा एक पाय १०० ओहमच्या रेझिस्टरमधून बोर्डाच्या पिनेला आणि दुसरा पाय ग्राउंडला. डावे बटण पिन २, उजवे पिन ३. पिन ० आणि १ मोकळ्या सोडा, त्या संगणकाशी बोलण्यासाठी आहेत. बटण मोकळे असताना पिन उच्च पातळीवर राहावी म्हणून तिथून ५ व्होल्टला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा. चिपमध्ये तसा अंतर्गत रेझिस्टर असतो, पण तो २० ते ५० किलोओहमचा. केबल दोन हातांपेक्षा लांब असेल तर तो दुबळा पडतो आणि आसपासची विद्युत गडबड पिनेवर उतरते. दाबलेले बटण म्हणजे शून्य, सोडलेले म्हणजे एक, हे लक्षात ठेवा. नवख्यांच्या प्रोग्राममध्ये ही उलटापालट हमखास होते.

कपॅसिटर पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये बसवा. कपॅसिटरने वेळ बिघडेल अशी शंका येते, म्हणून त्याचे काम समजून घ्या. बटण दाबताच तो १०० ओहममधून रिकामा होतो. १०० ओहम गुणिले १०० नॅनोफॅरड म्हणजे १० मायक्रोसेकंद, अगदी नगण्य. सोडताना मात्र तो ४.७ किलोओहममधून भरतो, तिथे सुमारे अर्धा मिलिसेकंद लागतो. म्हणजे दाबण्याची वेळ शुद्ध राहते आणि सोडण्याची किंचित लांबते. कपॅसिटर ठेवून बाहेरचा रेझिस्टर वगळला, तर तोच सोडण्याचा काळ २ ते ५ मिलिसेकंदांवर जातो.

फोटोडायोड उलटा बसवायचा असतो. कॅथोड ५ व्होल्टला, अ‍ॅनोड कंपॅरेटरच्या धन प्रवेशाला, आणि तिथूनच ४७ किलोओहम ग्राउंडला. कंपॅरेटरच्या ऋण प्रवेशाला पोटेन्शिओमीटरचा मधला पाय, ज्याची टोके ५ व्होल्ट आणि ग्राउंडला आहेत. एलएम ३९३ स्वतः उच्च पातळी देत नाही, फक्त खाली खेचतो. म्हणून त्याच्या बाहेर पडणाऱ्या पिनेपासून ५ व्होल्टला १० किलोओहम लावावाच लागतो. तो विसरला की संवेदक ‘मेला’ असे वाटते. शेवटी बाहेरच्या पिनेपासून धन प्रवेशाकडे १ मेगाओहम परत न्या. त्यामुळे सीमारेषेवर सुमारे ०.२ व्होल्टची आडकाठी तयार होते आणि काठावरच्या प्रकाशात निकाल फडफडत नाही. बाहेरची पिन बोर्डाच्या पिन ४ ला. या जोडणीत प्रकाश पडला की पातळी उच्च होते, तयार पट्ट्यांवर बहुधा उलटे असते.

पेटी बनवण्याबद्दल थोडक्यात: दोन बटणांमध्ये ६ ते ८ सेंटिमीटर अंतर, मनगट टेकेल एवढी कमी उंची, खाली रबराचे पाय. हलकी पेटी सहभागीच्या हाताखाली सरकते, म्हणून तळाला वजन द्या. केबल पेटीच्या तोंडाशी आवळून बांधा, नाहीतर ओढाताणीत पहिला तुटतो तो सोल्डरचा सांधा.

प्रोग्राम

पिन २, ३ आणि ४ मुद्दाम निवडल्या आहेत. तिन्ही एटीमेगाच्या पोर्ट डीवर आहेत, त्यामुळे एका वाचनात तिन्हींची स्थिती एकाच क्षणाची मिळते. मुख्य फेऱ्यात आधी मायक्रोसेकंदांचे घड्याळ वाचा, लगेच पोर्ट वाचा, मग बाकीचे काम करा. फेरा काही दहा मायक्रोसेकंदांत पुरा होतो. तेवढ्या बारकाईला इंटरप्टची (पिन बदलताच चालू काम थांबवून दुसरे काम करवणाऱ्या सोयीची) गरज पडत नाही, आणि तो नसल्यामुळे प्रोग्राम समजायला सोपा राहतो. थांबून राहणारा कोणताही आदेश, विशेषतः ‘डिले’, या फेऱ्यात ठेवू नका.

खरे कौशल्य लागते ते संपर्काच्या थरथरीपाशी. धातूच्या दोन पट्ट्या भेटतात तेव्हा त्या एकदाच चिकटत नाहीत, उसळतात. चांगल्या यांत्रिक स्विचमध्ये ही थरथर ५ मिलिसेकंदांच्या आत संपते. नेहमीच्या उदाहरण-प्रोग्रामांत थरथर शमेपर्यंत थांबतात आणि मग ‘बटण दाबले’ म्हणून वेळ घेतात. कीबोर्डसाठी ते ठीक आहे, पण इथे ती चूक ठरते, कारण थांबण्याचा सगळा काळ प्रतिक्रियेत मिसळतो. याउलट पहिला स्पर्श दिसताच बटण मोजले, तर केबलवर आलेला एखादा विद्युत टवका खोटा प्रतिसाद ठरतो.

यावर उपाय असा की वेळ पहिल्या स्पर्शाची घ्यायची आणि खात्री नंतर करायची. पिन पहिल्यांदा शून्यावर आली की वेळ लगेच साठवा, पण काही जाहीर करू नका. १० मिलिसेकंदांनी पुन्हा पाहा. पिन अजून शून्यावर असेल तर दाब खरा, साठवलेली वेळ पक्की. नसेल तर तो टवका होता, वेळ पुसून टाका. माणसाचा झटपट दाबही काही दशक मिलिसेकंद टिकतो, त्यामुळे १० मिलिसेकंदांच्या तपासणीत खरा प्रतिसाद गळत नाही. सुटण्याचेही तसेच. पिन सलग १० मिलिसेकंद उच्च राहिली की बटण सुटले माना आणि त्या सलग काळाच्या आरंभाची वेळ घ्या. सुटल्याशिवाय त्या बटणाचा पुढचा दाब स्वीकारू नका.

आता फेरीचा क्रम. फेरीच्या आरंभी संगणक बोर्डाला एक अक्षर पाठवतो, बोर्ड ‘सज्ज’ होतो आणि जुन्या वेळा पुसतो. पिन ४ वर पहिल्यांदा उजेड आला की ती उद्दीपकाची वेळ. त्यानंतरचे उजेड-अंधाराचे बदल त्या फेरीपुरते दुर्लक्षित करा, कारण मंद केलेल्या पडद्याचा मागचा दिवा झपझप चालू-बंद होत असतो. बटणाचे दाब आणि सुटणे उद्दीपकाआधी असोत वा नंतर, सगळे नोंदवा. प्रत्येक घटनेची एक ओळ पाठवा: घटनेचे नाव, बटण क्रमांक, मायक्रोसेकंदांतली कच्ची वेळ. वजाबाकी बोर्डावर करण्यापेक्षा दोन्ही कच्च्या वेळा साठवणे आम्हाला जास्त भरवशाचे वाटते, नंतर शंका आली तर मूळ नोंद हातात राहते.

इथे एक खड्डा आहे. मायक्रोसेकंदांचे घड्याळ ३२ बिटांचे असते, ते ४,२९,४९,६७,२९६ वर पोचले की शून्यावर येते, म्हणजे साधारण ७१.६ मिनिटांनी. बोर्डावर चिन्हविरहित संख्यांची वजाबाकी केली तर उत्तर आपोआप बरोबर येते. पायथॉनमध्ये तसे होत नाही, तिथे प्रचंड ऋण आकडा मिळतो. म्हणून वजाबाकीनंतर वरच्या संख्येने भागून बाकी घ्या. मात्र उद्दीपकाआधीचा दाब या बाकीत उलट फार मोठा आकडा होऊन येतो. बाकी त्या संख्येच्या निम्म्याहून जास्त असेल तर तिच्यातून ती पूर्ण संख्या वजा करा, खरा ऋण काळ मिळेल. तासाभराच्या सत्रात एखादीच अशी फेरी येते, आणि ती न सुधारल्यास सरासरीची वाट लागते.

बोर्ड आणि संगणक यांच्यातला वेग १,१५,२०० बॉड ठेवा. एका अक्षराला ८७ मायक्रोसेकंद लागतात. ९,६०० वर तेच एका मिलिसेकंदाच्या किंचित वर जाते. वेळ आधीच नोंदलेली असल्यामुळे तिला धक्का नाही, पण बोर्डाची पाठवण्याची जागा ६४ अक्षरांची आहे. ती भरली तर मुख्य फेरा अडतो आणि त्या काळातला दाब उशिरा दिसतो. ओळी आखूड ठेवा.

बोर्डाचे घड्याळ संगणकाशी ताडणे

अनेक उनो बोर्डांवर मुख्य चिपला स्फटिकाऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्याची चूक ०.५ टक्क्यापर्यंत जाऊ शकते, म्हणजे ४०० मिलिसेकंदांच्या प्रतिसादात २ मिलिसेकंद. ही चूक एकदा मोजली की कायमची सुधारता येते. संगणकाने एक अक्षर पाठवावे, बोर्डाने आपली वेळ परत द्यावी. दहा मिनिटांनी हेच पुन्हा करा. संगणकाने मोजलेला काळ भागिले बोर्डाने मोजलेला काळ हा सुधारणेचा गुणक. यूएसबीची डळमळ काही मिलिसेकंदांची असली तरी ६०० सेकंदांत ती लाखात एखादा भाग ठरते. हे मोजमाप बोर्ड अर्धा तास चालू ठेवून, खोलीच्या नेहमीच्या तापमानाला करा.

संगणक आणि पडदा

सीरियल पोर्ट प्रयोगाच्या आरंभी एकदाच उघडा. उनोचा पोर्ट उघडला की बोर्ड पुन्हा सुरू होतो, म्हणून २ सेकंद थांबून मगच पहिले अक्षर पाठवा. हे थांबणे विसरल्याने ‘पहिली फेरी नेहमी हरवते’ अशी तक्रार येते. वाचन न अडवणारे ठेवा, म्हणजे पायसीरियलमध्ये (पायथॉनमधून सीरियल पोर्ट वाचणाऱ्या लायब्ररीत) टाइमआउट शून्य. बोर्डाऐवजी एफटीडीआय चिपची यूएसबी-सीरियल केबल वापरत असाल तर तिचा लेटन्सी टायमर (साठलेली अक्षरे पुढे पाठवण्याआधी थांबण्याचा काळ) मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो, तो १ वर आणा. यूएसबी हब मध्ये घालू नका आणि यूएसबीची वीजबचत बंद करा.

पडदा पूर्ण स्क्रीनवर चालवा. दुसऱ्या पडद्यावर तेच चित्र दाखवण्याची सोय बंद करा, दोन पडद्यांचे रिफ्रेश रेट वेगळे असतील तर चौकटींचा ताल बिघडतो. बदलता रिफ्रेश रेटही बंद. प्रकाशमान १०० टक्के ठेवा. मॉनिटर त्याहून मंद केला तर बऱ्याच मॉनिटरांचा मागचा दिवा तुकड्यातुकड्यांनी पेटतो आणि संवेदकाला पांढऱ्या चौकोनाच्या मध्येही अंधार दिसतो.

उद्दीपक ज्या चौकटीत काढता, त्याच चौकटीत पडद्याच्या कडेला साधारण २ सेंटिमीटरचा पांढरा चौकोन काढा. बाकी वेळ तिथे काळा. चौकोन उद्दीपकाच्याच उंचीवर, डाव्या किंवा उजव्या काठाला ठेवा. पडदा ओळीओळीने उतरतो, म्हणून एकाच उंचीवरच्या गोष्टी जवळजवळ एकाच क्षणी उमटतात. कोपऱ्यात ठेवला तर वर सांगितलेल्या ८ मिलिसेकंदांचा फरक हिशेबात धरावा लागतो. संवेदक चौकोनावर टेकवून भोवती काळी पट्टी लावा, खोलीतल्या दिव्याची थरथर आत जाता कामा नये आणि चौकोनाचा उजेड सहभागीला दिसता कामा नये.

पोटेन्शिओमीटर लावण्याची रीत: चौकोन काळा ठेवा, धन प्रवेशावरचा व्होल्टेज मीटरने पाहा. मग पांढरा करा, पुन्हा पाहा. ऋण प्रवेशावरचा व्होल्टेज या दोन्हींच्या मध्यावर आणा. पांढऱ्याचा आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी असेल तर संवेदक पडद्याला नीट टेकलेला नाही. दोन्ही वेळी आकडा चार व्होल्टच्या वर राहिला तर फोटोडायोडचे पाय अदलाबदल झाले आहेत.

या रचनेचा मोठा फायदा असा की संगणकाची एखादी चौकट हुकली, तरी उद्दीपक आणि चौकोन दोन्ही मिळूनच उशिरा येतात. प्रतिक्रिया काल बरोबरच राहतो.

सज्ज होण्याचे अक्षर उद्दीपकाच्या किमान १०० मिलिसेकंद आधी, चौकोन काळा असताना पाठवा. उद्दीपकाआधीची वाट ठरावीक ठेवू नका, ५०० ते १,५०० मिलिसेकंदांत बदलती ठेवा. नाहीतर लोक वेळ ओळखून दाबतात. १०० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळात आलेला प्रतिसाद सहसा असा अंदाजाचा असतो. धावण्याच्या स्पर्धेतही इशाऱ्यानंतर १०० मिलिसेकंदांच्या आत निघणे चुकीची सुरुवात मानतात. पण असे प्रतिसाद नोंदवताना गाळू नका, विश्लेषणात आधी ठरवलेल्या नियमाने गाळा.

पडताळणी

पेटी चालते आणि पेटी बरोबर मोजते, या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध करायला माणूस उपयोगाचा नाही, कारण त्याचा खरा वेळ आपल्याला माहीत नसतो. त्याच्या जागी ज्याचा वेळ आपणच ठरवला आहे असे यंत्र बसवायचे.

दुसऱ्या बोर्डाला कंपॅरेटरची तीच बाहेरची पिन समांतर जोडा आणि दोन्ही बोर्डांचे ग्राउंड एक करा. उजेड दिसल्यावर हा बोर्ड ठरलेला काळ थांबतो आणि मग एक पिन ८० मिलिसेकंद उच्च करतो. ती पिन ४७० ओहममधून पीसी ८१७ च्या दिव्याला द्या. ऑप्टोकपलरची दुसरी बाजू बटणाच्या दोन टोकांवर: कलेक्टर पिनेकडे, एमिटर ग्राउंडकडे. आता दुसरा बोर्ड हा तुमचा कृत्रिम सहभागी आहे. याचेही घड्याळ वरच्या रीतीने ताडून घ्या.

थांबण्याचा काळ एकच ठेवू नका, ३०० ते ४०० मिलिसेकंदांत यादृच्छिक ठेवून प्रत्येक फेरीचा आकडा साठवा. ठरावीक काळ पडद्याच्या आणि यूएसबीच्या तालाशी जुळून बसू शकतो आणि मग उशीर खोटा स्थिर दिसतो. ३०० फेऱ्या चालवा. पेटीने दिलेला काळ वजा कृत्रिम सहभागीचा काळ, हा फरक शून्याजवळ आणि त्याचे विचलन ०.१ मिलिसेकंदाच्या आत यायला हवे. विचलन १ मिलिसेकंदाच्या वर गेले तर मुख्य फेऱ्यात कुठेतरी थांबणारा आदेश आहे. फरक काळाच्या प्रमाणात वाढत असेल तर घड्याळाचा गुणक चुकला आहे. फरक थेट १० मिलिसेकंदांचा असेल तर प्रोग्राम पहिल्या स्पर्शाऐवजी खात्रीची वेळ पाठवतो आहे.

हाच ऑप्टोकपलर साध्या कीबोर्डच्या एका कळीवर जोडला की त्या कीबोर्डचे आणि पडद्याचे एकत्रित मोजमाप मिळते. एका दिशेने चालला नाही तर पाय उलटे करून पाहा. सायकोपायमध्ये (मानसशास्त्राचे प्रयोग चालवणाऱ्या पायथॉन-प्रणालीत) जुन्या कीबोर्ड-आदेशांऐवजी नवा कीबोर्ड घटक वापरा आणि त्याचे घड्याळ पडदा पालटण्याच्या क्षणी शून्यावर आणा. मिळालेली सरासरी हा त्या संचाचा स्थिर उशीर आणि विचलन ही त्याची डळमळ. काही प्रयोगांत हे दोन आकडे पाहूनच कीबोर्ड पुरेसा असल्याचे ठरेल.

यानंतर माणसाने तपासायचे एकच: प्रत्येक बटण १०० वेळा, कधी हळू कधी झटक्यात दाबा. नोंदी बरोबर १०० हव्यात. जास्त आल्या तर स्विच झिजला आहे, थरथर १० मिलिसेकंदांपलीकडे जाते आहे. कमी आल्या तर सांधा सैल आहे.

आवाज आणि ईईजी

बोलून उत्तर देण्याच्या प्रयोगात आवाजाची पातळी ओलांडताच वेळ घेणारी यंत्रणा मोहक वाटते, पण ती शब्दाच्या पहिल्या ध्वनीवर अवलंबून असते. ‘बदक’ लगेच पकडला जातो. ‘सकाळ’मधला स मंद सुरू होतो आणि यंत्रणा बऱ्याचदा पुढच्या स्वरावर जागी होते. शब्दांच्या तुलनेत हा फरक परिणाम म्हणून मिरवतो. आवाज पूर्ण ध्वनिमुद्रित करा आणि आरंभ नंतर लाटेवर पाहून ठरवा.

ईईजीसाठी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या नोंदीसाठी, बोर्डाच्या पिन ५ वरून उद्दीपकाच्या आणि दाबाच्या क्षणी खूणकंप (नोंदीत खूण उमटवणारा छोटा विद्युत ठोका) द्या. तो नोंदीच्या दोन नमुन्यांपेक्षा लांब हवा. ५०० हर्ट्झवर एक नमुना २ मिलिसेकंदांचा, म्हणून ५ ते १० मिलिसेकंदांचा कंप ठेवा. दाबाचा कंप पहिल्या स्पर्शाला लगेच जावा लागतो, तिथे १० मिलिसेकंदांची खात्री करत बसता येत नाही. खोटे कंप नंतर ओळींच्या नोंदीशी ताडून काढा. अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी जोडणी ऑप्टोकपलरमधूनच करा आणि त्याच्या पुस्तिकेतली व्होल्टेजची मर्यादा पाळा. एमआरआयच्या खोलीत मात्र ही पेटी नेऊ नका. तिथे लोखंड आणि तांब्याच्या लांब तारा धोक्याच्या असतात, त्या खोलीसाठी बनवलेली प्रकाशतंतूंची बटणेच वापरा.

प्रत्येक सत्राआधी

संवेदक सरकला आहे का ते पाहा आणि २० फेऱ्या कृत्रिम सहभागीवर चालवा. सहभागीला बोटे बटणांवर टेकवून ठेवायला सांगा, हवेत धरलेले बोट प्रत्येक वेळी वेगळे अंतर कापते. निम्म्या सहभागींसाठी डाव्या-उजव्या बटणांचे अर्थ अदलाबदल करा. नोंदीच्या फाइलमध्ये आकड्यांसोबत बोर्डाच्या प्रोग्रामची आवृत्ती, घड्याळाचा गुणक, मॉनिटरचा रिफ्रेश रेट आणि प्रकाशमान, स्विचची बनावट आणि शेवटच्या पडताळणीची तारीख लिहा. मॉनिटर, स्विच किंवा प्रोग्रामची आवृत्ती यांतले काहीही बदलले, की ३०० फेऱ्यांची पडताळणी पुन्हा पहिल्यापासून करा.